भाऊजींचा गुरुवार

भाऊजी, परवा पुन्हा एका बाईंनी कळवलं की तुमचा गुरुवार चुकलाय.

जालन्याकडच्या एका शाळेत त्या संगणक शिकवतात. फार गोड भाषेत लिहिलंय. ‘आदरणीय सर, संगणकाची पायथन भाषा शिकवणारे आपले मराठी धडे आम्हाला फार आवडले. फक्त चौथ्या धड्यातल्या प्रोग्रामला गुरुवार सांगितला की तो “आज सुट्टी” म्हणतो आणि रविवार सांगितला की “आज काम आहे” म्हणतो. तिथे अदलाबदल झालेली दिसते. कृपया दुरुस्ती करावी.’ पुढे असंही आहे, की शाळा उघडली की आठवीच्या मुलांना हेच धडे द्यायचं त्यांच्या मनात आहे, पण मुलं या एका जागी हमखास अडखळणार. तेवढं झालं नाही तर नाइलाजानं दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

आदरणीय सर आता नाहीत, हे त्यांना कोण कळवणार? मीच. आणि गुरुवारचं काय करायचं, हेही मीच ठरवायचं. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी तुमच्यावर चिडलेय. लोक फोटोला हार घालून हात जोडतात. मी फोटोसमोर उभी राहिले की माझ्या तोंडात पहिलं वाक्य येतं ते, “भाऊजी, तुम्हाला मी किती वेळा सांगितलं होतं!”

तसं पाहिलं तर आपलं सगळं नातंच या एका वाक्यावर चाललं. सांगवीतले आपले दोन फ्लॅट समोरासमोर. इकडे मी आणि हेमंत, तिकडे हेमंतचे धाकटे भाऊ तुम्ही आणि माधवी. तुम्ही चाकणला कंपनीत मेंटेनन्सला, मी हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या, यावर माझं पोट. तुम्ही कारखान्याच्या लाइनवर काम करणाऱ्या पोरांसाठी मराठीत धडे लिहून वेबसाइटवर टाकायला लागलात, तेव्हा मी ते वाचणार आणि वाचून गप्प बसणार नाही, हे तुम्हाला कळायला हवं होतं. कळलं असणारच. तरीच तुम्ही तो नियम काढलात.

तोंडी दुरुस्ती घेतली जाणार नाही!

आठवतंय ना? आपण चौघं तुमच्याकडे जेवायला बसलो होतो. माधवीनं भरली वांगी केली होती. मी सहज म्हटलं, “भाऊजी, सहाव्या धड्यात तुम्ही एक ते दहा आकडे छापा म्हणता, पण तुमचा प्रोग्राम नवावरच थांबतो.” तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, “दुरुस्ती पाठवा, वहिनी.”

“अहो, पाठवा काय? समोर बसलेय की मी!”

“बसा ना. पण दुरुस्ती वेबसाइटवरून पाठवा. जुनं काय, नवं काय आणि कारण. कारण लिहिल्याशिवाय ती पुढे जात नाही.”

हेमंतला हसू आवरेना. मी त्या रागात वांग्याला हात लावला नाही, आणि घरी जाऊन पहिलं काम काय केलं असेल, तर दुरुस्ती पाठवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कारण तुम्हाला दहापर्यंत मोजता येत नाही.’ थोड्या वेळानं तुमचं उत्तर आलं. ‘दुरुस्ती मंजूर. कारण नामंजूर. नीट कारण लिहा.’ पुन्हा लिहावं लागलं. मधे फक्त जिना होता, भाऊजी, आणि तुमचा दरवाजा उघडा होता.

हे सगळं तुम्ही कंपनीतून आणलं होतं. तिकडे म्हणे नोंद केल्याशिवाय कुणी मशीनला हात लावत नाही. आणि ज्यानं दुरुस्ती केली त्यानंच मशीन पास करायचं नाही, दुसऱ्यानं चालवून बघायचं, मग लाइन सुरू. तुम्ही तेच धड्यांना लावलंत. माझी दुरुस्ती तुम्ही मंजूर करायची, तुमची मी. स्वतःची स्वतः मंजूर करायला गेलं तर बटणच दाबलं जाणार नाही, अशी सोय तुम्ही करून ठेवलीत. मी तेव्हा विचारलं होतं, “आणि आपल्यातला एक जण नसला तर?” तुम्ही म्हणालात, “गावाला जाणार असाल तर आधी सांगा.”

बघा, झालं ना? एक जण नाही. दुरुस्त्यांचा डबा भरत चाललाय. कुणाला कंस चुकलेला दिसतो, कुणाला एका बरोबरच्या चिन्हाऐवजी दोन हवी असतात. सगळं किरकोळ, सगळं बरोबर. इतरांच्या दुरुस्त्या मी एकटी मंजूर करू शकते, त्या करतेय. पण मला स्वतःला काही बदलायचं असेल तर माझ्याकडे बघायला कुणी नाही. माझ्या हाताखालची मशीन बंद पडलीय म्हणा ना.

आता गुरुवार. या गुरुवारानं मला म्हातारं केलं.

मी चौथा धडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही ती चूकच वाटली होती. कुणाला वाटणार नाही? मी रविवार करून पाठवलं. तुम्ही नामंजूर केलंत. ‘सुट्टी गुरुवारीच असते.’ मग मी जिना उतरून खाली आले. तुम्ही पार्किंगमध्ये स्कूटर उघडून बसला होतात आणि अर्थातच त्या दिवशी गुरुवार होता.

“कुणाची सुट्टी गुरुवारी असते हो?”

“माझी आहे की. भोसरीत विचारा, चाकणला विचारा. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्या गुरुवारी बंद असतात.”

“आणि बाकीचा महाराष्ट्र?”

“बाकीच्या महाराष्ट्रासाठी जगातलं प्रत्येक पुस्तक आहे. सगळ्यांत रविवारच आहे. लाइनवरच्या पोरासाठी एक तरी असू द्या.”

“अहो, पण मराठीत दुसरे असे धडे आहेत का? वाचणारा कोल्हापूरचा असेल, चंद्रपूरचा असेल. त्याला वाटेल लिहिणाऱ्याला वारसुद्धा माहीत नाहीत.”

“मग तो विचारेल. विचारलं की शिकेल.”

“विचारणार नाही. तो धडे बंद करून निघून जाईल.”

यावर तुम्ही पाना पुसत म्हणालात, “वहिनी, तुम्ही नोकरी केलीत तीही हिंजवडीला, शनिवार-रविवार दोन सुट्ट्यांची. तुम्हाला गुरुवारचं काय कळणार?” तिथं मी जी भडकले, ती आजपर्यंत शांत झालेली नाही. मला सुट्टीचं सांगता? घरातल्या बाईला दोन दिवस सुट्टी असली म्हणजे ती कुठे जाते, हे मी तुम्हाला सविस्तर ऐकवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. गुरुवार मात्र तिथेच राहिला.

आणि यातली खरी गंमत काय, तर लोकांच्या दुरुस्त्या यायला लागल्या आणि त्यांना उत्तरं द्यायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत! म्हणे, “तुमचं मराठी गोड आहे, वहिनी. माझं लिहिणं नोटीस लावल्यासारखं होतं.” म्हणजे घरात मी तुमच्याशी भांडायची, रविवार करा, रविवार करा. आणि बाहेर तमाम लोकांना नम्रपणे लिहायची, ‘आपण बारकाईनं वाचलंत याबद्दल आभार. पिंपरी-चिंचवड, चाकण भागातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हे धडे त्या कामगारांसाठी लिहिले असल्याने बदल करता येत नाही.’ एका माणसानं तर त्यावर उत्तर लिहिलं होतं, ‘ताई, आपला मुद्दा पटला.’ मी तुम्हाला ते दाखवलं नाही. तुम्ही ते छापून दाराला लावलं असतंत.

तुम्ही गेल्यावर पहिल्या रविवारी सगळे नातेवाईक येऊन गेले. मग गुरुवारी सकाळी माधवीचं दार वाजायला लागलं ते थांबेचना. कंपनीतली पोरं. सुट्टीचा दिवस, म्हणून सगळी त्या दिवशी आली. बाहेर चपलांचा ढीग, जिन्यात माणसं. माधवीला बोलवत नव्हतं, म्हणून मीच त्यांच्याशी बोलत होते. गजानन म्हणून एक जण होता, तुमच्या लाइनवरचा, परभणीकडचा. धडे करून आता कंपनीतच संगणकाच्या विभागात गेलाय म्हणाला. तो उभाच होता, बस म्हटलं तरी बसेना.

“सरांचा चौथा धडा बघितला ना, ताई, त्यात गुरुवार सुट्टी व्हती. मी म्हणलं, आयला, हे तर आपल्यासाठीच लिवलंय. तोवर वाटायचं, हे कॉम्प्युटरचं सगळं दुसऱ्या कुणासाठी असतंय.”

मला त्याचाही राग आला, खरं सांगते. तुम्ही गेल्यावर तुमच्या बाजूनं बोलायला माणसं यायला लागली. हा काय न्याय झाला? माझ्या बाजूनं बोलायला कोण येणार? चंद्रपूरचा तो मुलगा, जो धडे बंद करून निघून गेला, तो सांगवीला येऊन सांगणार आहे थोडाच!

आत जाऊन मी तोंड धुतलं. बऱ्याच वेळा धुतलं.

एक गोष्ट तुम्हाला मी कधी सांगितली नाही, कारण सांगितली असती तर तुम्ही म्हणाला असता, कारण लिहा. सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली, त्या गेल्यावर परत उभं राहायचा धीर होईना. सगळं बदललं होतं. माझ्याबरोबरच्या बायका कुठल्या कुठे गेल्या होत्या आणि मी कंपन्यांच्या जाहिराती वाचून लॅपटॉप मिटून ठेवायची. तेव्हा तुम्ही पहिले दोन धडे आणून माझ्यासमोर टाकलेत. “मला काही कळत नाही यातलं नीट. चुका काढून द्या.” तुम्हाला चांगलं कळत होतं, भाऊजी. दुसऱ्या धड्यातली ती ढळढळीत चूक मेंटेनन्सचा माणूस करत नाही. ती माझ्यासाठी ठेवली होती, हे मला त्याच दिवशी समजलं होतं. मी चूक तेवढी काढली. पुढे मुलाखतीला विचारलं, मधल्या काळात काय करत होतात, तेव्हा मी त्यांना तुमची वेबसाइट उघडून दिली. सगळ्या दुरुस्त्या, प्रत्येकीला कारण. तुमच्या त्या छळवादी रकान्यानं मला नोकरी लावली. मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, “आता तरी गुरुवार सोडा.” मी पेढ्यांचा डबा माधवीच्या हातात दिला आणि तुम्हाला एकही दिला नाही.

मला तुमचे आभार मानायचे होते. मानायला गेले की गुरुवार मधे यायचा.

तर या जालन्याच्या बाई. मी त्यांना उत्तर लिहायला बसले. सवयीनं आपलं ते नेहमीचं, आभार, पिंपरी-चिंचवड, चाकण, बदल करता येत नाही. लिहिलं आणि पाठवेना. आठवीची मुलं. माझं म्हणणं जे इतकी वर्षं होतं, तेच तर त्या सांगत होत्या. मग ते पुसून लिहिलं, दुरुस्ती मंजूर. तेही पाठवेना. त्यांची दुरुस्ती मंजूर करायला मला तुमची गरजही नव्हती, बोट टेकवलं की झालं असतं. रविवार झाला असता, मी जिंकले असते. आणि गजाननच्या मागून येणाऱ्या पोरानं तो धडा उघडला असता तेव्हा त्यात त्याच्यासाठी काही नसतं, आणि तुम्हीही नसता. माझ्याच्यानं होईना.

माणूस मेला म्हणून त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही. हे मी स्वतःला दिवसभर बजावत होते. ऑफिसच्या बसमध्ये, जेवताना, हेमंतशी बोलताना. तुमचं चुकलंच होतं. माझंही तसंच असेल, पण तुमचं जास्त.

आणि मग अगदीच टेस्टरच्या डोक्यानं विचार केला. दोन माणसं, दोघांची सुट्टी वेगळी, प्रोग्राम एक. काय करशील? अगं बये, विचार की त्यांनाच! माणसाला प्रश्न विचारून त्याचं उत्तर वापरायचं, हे तर तुम्ही तिसऱ्या धड्यातच शिकवलंय. चौथ्यात प्रोग्रामनं आज कोणता वार आहे ते विचारायचं, आणि मग विचारायचं, ‘तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?’ परभणीचा गजानन गुरुवार सांगेल, जालन्याची मुलं रविवार सांगतील. एक ओळ वाढते, बस.

एक ओळ! भाऊजी, मी खुर्चीत बसून मोठ्यांदा ओरडले. हेमंत आतून धावत आला. इतकी वर्षं आपण जिन्यात भांडलो, जेवताना भांडलो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत भांडलो आणि वाढपी जिलबी घेऊन ताटकळत उभा राहिला. एका ओळीसाठी? आपण दोघंही बिघाड शोधून पोट भरणारी माणसं, आणि आपल्याला सुचू नये?

तुम्हाला सुचलं होतं का? खरं सांगा. मला दाट संशय आहे की सुचलं होतं. दुसऱ्या धड्यातली चूक ठेवणारा माणूस तुम्ही. आणि मलाही का सुचलं नाही, याचा मी आता विचार करते तेव्हा मला एकच वाटतं, की मला ते मिटवायचंच नव्हतं. तुमच्याशी भांडायला मिळायचं ते जाईल, म्हणून. आता ते तसंही गेलंय.

दुरुस्ती लिहिली. कारणही लिहिलं, अगदी नीट, एक टोमणा नाही. आणि अडकले. माझी दुरुस्ती, मला मंजूर करता येत नाही. तेव्हा लक्षात आलं, तुमचा लॅपटॉप तिकडे हॉलमध्येच आहे आणि तुम्ही काही वेबसाइटवर एकदा आपल्या नावानं शिरलात की बाहेर पडायचं बटण दाबणारे नव्हेत. काल संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी समोर गेले. माधवी एकटीच होती. मी तिला म्हटलं, “जरा भाऊजींचा लॅपटॉप बघू. एक बटण दाबायचंय.”

“कसलं बटण?”

मी सांगितलं. माधवीनं आजवर यातलं काही वाचलेलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. आपण भांडायला लागलो की ती आत जाऊन पोळ्या लाटायची. पण काल तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

“यांच्या नावानं जाणार ना ते? मग मी बघितल्याशिवाय नाही जाणार, वहिनी.”

“अगं, तुला त्यातलं—”

“दाखवा. चालवून दाखवा मला.”

मी चालवून दाखवायला सुरुवात केली, तर म्हणाली, मी चालवते. आणि तिनं मला सगळं पहिल्यापासून विचारलं. हे काय, ते काय, आधी काय होतं. मी गुरुवार-रविवारचं सगळं सांगितलं, तर तोंडाला पदर लावून हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. “तुम्ही दोघं या एवढ्यावरून भांडत होतात? मला वाटायचं काहीतरी मोठं असेल.”

मग तिनं प्रोग्राम सुरू केला. प्रोग्रामनं विचारलं, आज कोणता वार? तिनं एकेक अक्षर शोधत बुधवार लिहिलं. प्रोग्रामनं विचारलं, तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?

माधवी माझ्याकडे वळली.

“काय लिहू?”

“तुझी सुट्टी.”

“मला कुठली सुट्टी?”

ती चेष्टा करत नव्हती, भाऊजी. खरंच आठवून बघत होती. “यांच्या गुरुवारी तर दुप्पट काम असायचं. थालीपीठं काय, दुपारचा चिवडा काय, कुणी ना कुणी मित्र जेवायला. आणि रविवारी तुम्ही सगळे इकडे.”

“अगं, काहीही लिही. नुसतं तपासायचंय.”

“खोटं कशाला लिहू?”

तिनं ती जागा रिकामीच ठेवली आणि एंटर दाबलं. मी मनात म्हटलं, आता काहीतरी चुकीचं येणार. याचा विचार आपण केलेलाच नव्हता, तुम्ही नाही, मीही नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. पडद्यावर आलं, ‘आज काम आहे.’

“बरोबर आलं,” माधवी म्हणाली.

मग तिनं गुरुवार लिहून बघितलं, सुट्टीची जागा रिकामी. आज काम आहे. शुक्रवार. आज काम आहे. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. एकही वार सोडला नाही. मी शेजारी बसून एकेक वार मोजत होते.

“सगळे वार बघितले, वहिनी,” ती म्हणाली. “नीट चालतोय.”

तिनं तुमच्या नावानं मंजूर केलं, लॅपटॉप मिटला आणि चहा टाकायला उठली.